धरून ठेवलेला माल

दिवाळीच्या तोंडावर साखरखेर्ड्याच्या शिवारात सोयाबीनची मळणी उरकत आलेली असते आणि घरोघरी एकाच गोष्टीवर खल चाललेला असतो: माल आत्ता द्यायचा की धरून ठेवायचा. पोती पडवीत लागलेली असतात. रब्बीसाठी हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं, कृषी केंद्राची उधारी चुकवायची असते, पोराच्या कॉलेजची फी भरायची असते. ज्याची नड मोठी, तो मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो. ज्याला चार महिने कळ काढता येते तो थांबतो, आणि थांबणाराच शहाणा अशी जुनी समजूत आहे.

ती समजूत उगीच तयार झालेली नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये विदर्भातल्या बाजार समित्यांत सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. नवा माल येताच भाव जवळपास निम्म्यावर आला. त्या दिवाळीला ज्यांनी घाई केली त्यांनी पाच हजारांच्या आसपास विकलं. ज्यांनी २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत पोती हलवली नाहीत त्यांना सात हजारांच्या वर भाव मिळाला. पुढे हे गणित उलटलं. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात चार-साडेचार हजारांवर बोळवण होत होती, आणि धरून ठेवणाऱ्यांच्या पदरी व्याजाचा भुर्दंडच पडला. तरी लोकांच्या मनात घर करून बसलंय ते २०२२ चं वर्ष.

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातलं मोठं गाव. ११ ऑक्टोबर १७२४ ला इथे झालेल्या लढाईत निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं आणि आसफजाही सत्तेचा पाया घातला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचं नाव येतं. आज इथल्या शेतकऱ्याची सारी नजर चिखली, मेहकर, जालन्याच्या भावाकडे असते. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत त्याच्या मोबाइलवर आणखी एक भाव दिसू लागलाय: शेअरचा. आधार, पॅन आणि बँकेचं खातं हाताशी असलं की डीमॅट खातं अर्ध्या तासात उघडतं. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती सतरा कोटींच्या पुढे गेली. शेअर बाजारातल्या नोंदणीकृत गुंतवणूकदारांत महाराष्ट्राचा पहिला क्रमांक आहे, आणि ही वाढ आता मुंबई-पुण्याची राहिलेली नाही. शिक्षक, तलाठी, कृषी केंद्राचे दुकानदार, मोबाइल दुरुस्ती करणारी मुलं, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, सगळ्यांच्या फोनमध्ये एखादं ॲप आहे.

या मंडळींनी काय घेतलंय हे विचारत गेलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. चढत्या शेअरकडे ती फारशी वळत नाहीत. तो 'महाग' वाटतो. हात जातो तो पडलेल्या शेअरकडे. कृषी केंद्रात बसणाऱ्या तिशीतल्या एका तरुणाने मला ते एका वाक्यात सांगितलं: "भाऊ, चारशेचा माल पंधरा-वीसमध्ये भेटत होता, मंग घ्यायचा नाही का?" तो येस बँकेबद्दल बोलत होता.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सोयाबीनच्या बाबतीत तो बिनचूक आहे. सोयाबीन चार हजारांवर आलं तरी दाणा तोच असतो. त्यातलं तेल कमी होत नाही, ढेप कमी होत नाही. भाव पडतो तो आवक वाढली, परदेशातून तेल आलं, सरकारने आयात शुल्क घटवलं म्हणून. उद्या आवक घटली की त्याच दाण्याला जास्त पैसे मिळतात. शिवाय सोयाबीनला खाली कुठेतरी तळ आहे. तेलाच्या गिरणीला ते लागतंच, म्हणून त्याचा भाव शून्य होत नाही. शेअरचा भाव जेव्हा कोसळतो तेव्हा बहुधा दाणाच बदललेला असतो. कंपनीची येणी बुडालेली असतात, कर्ज अंगावर आलेलं असतं, हिशेबात लपवलेलं बाहेर पडलेलं असतं. नाव तेच, फलक तोच, स्क्रीनवरची इंग्रजी अक्षरं तीच, पण आतला माल तो राहिलेला नसतो. आणि त्याला तळ नसतो. शेतीतून आलेली शहाणीव माणूस बाजारात घेऊन जातो, आणि तिथे तीच त्याच्या अंगाशी येते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचतं ते हे.

येस बँक २००४ मध्ये राणा कपूर आणि अशोक कपूर यांनी उभी केली. अशोक कपूर २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात मारले गेले. बँक झपाट्याने वाढली, निफ्टीच्या पन्नास कंपन्यांत जाऊन बसली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा शेअर चारशेच्या घरात होता. त्यानंतर महिनाभरात रिझर्व्ह बँकेने राणा कपूर यांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच राहील असं कळवलं. २१ सप्टेंबर २०१८ ला एका दिवसात शेअर सुमारे २९ टक्के पडला. बुडीत कर्जांचा आकडा बँक दाखवते त्याहून मोठा आहे, हा संशय आता उघड बोलला जाऊ लागला होता.

ज्यांनी बँका, कंपन्या यांचे ताळेबंद वाचण्यात आयुष्य घातलंय ते मोठे गुंतवणूकदार त्यानंतर बाहेर पडत गेले. त्यांनी विकलेले शेअर कोणीतरी घेत होतं, कारण घेणारा असल्याशिवाय विक्री होत नाही. ते घेत होते छोटे लोक. २०० ला घेतले, दीडशेला घेतले, शंभरला घेतले, साठला पुन्हा घेतले. डिसेंबर २०१९ अखेर बँकेचा जवळपास निम्मा हिस्सा छोट्या भागधारकांच्या हाती आला होता. हे कुणी चोरून ठेवलेलं नव्हतं. कोणत्या कंपनीत प्रवर्तक किती, परदेशी संस्था किती, म्युच्युअल फंड किती आणि छोटे लोक किती, हा तक्ता प्रत्येक तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर लागतो. कुणालाही फुकट पाहता येतो. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांना असा तक्ता असतो हेच ठाऊक नव्हतं. त्यांना रोजचा भाव ठाऊक होता, तोही पैशापर्यंत.

या काळातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये राणा कपूर यांनी जाहीर केलं होतं की आपले शेअर हिऱ्यांसारखे कायमचे आहेत, ते मुलींकडे जातील, आणि त्यातला एकही विकू नये असं आपण लिहून ठेवू. हे वाचून अनेकांनी आपले शेअर घट्ट धरून ठेवले. पुढल्या वर्षभरात प्रवर्तकांचे शेअर कर्जापोटी आणि विक्रीतून बाहेर गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये बातमी आली तेव्हा त्यांच्या नावावर नऊशे शेअर उरले होते. साखरखेर्ड्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे बँकेच्या संस्थापकापेक्षा जास्त शेअर असावेत, इथवर ही गोष्ट आली होती.

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. संचालक मंडळ बाजूला सारून प्रशांत कुमार यांना प्रशासक नेमलं, आणि खातेदाराला पन्नास हजारांपेक्षा जास्त काढता येणार नाही असं ठरवलं. फोनपेचे व्यवहार येस बँकेमार्फत चालत होते, त्यामुळे त्या रात्री खेड्यापाड्यांतल्या दुकानांत लावलेले फोनपेचे कोड एकाएकी मुके झाले. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या जवळपास एक हजार कोटींच्या ठेवी या बँकेत अडकल्या. दुसऱ्या दिवशी शेअर ३६ रुपये ८० पैशांवरून कोसळत साडेपाचपर्यंत गेला आणि दिवसअखेर १६ च्या आसपास थांबला.

आणि त्या साडेपाचला, सातला, दहाला, सोळाला पुन्हा छोट्या लोकांनी झुंबड केली.

का केली, हे समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्याचा एक जुना अनुभव आठवावा लागतो. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा, वर्धा आणि नागपूर या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना परवाना नाकारला आणि नव्या ठेवी घ्यायला बंदी केली. शेतकऱ्याची ठेव, शिक्षकाचा पगार, सोसायटीचा पैसा, सगळं अडकलं. लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने देशातल्या अशा तेवीस जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, राज्याने आणि नाबार्डने हातभार लावला, आणि बँक पुन्हा उभी राहिली. त्या वर्षांनी जिल्ह्याला एक धडा दिला: बँकेला सरकार बुडू देत नाही, फक्त कळ काढता आली पाहिजे. येस बँकेचे शेअर घेतलेले गावातले एक निवृत्त शिक्षक मला हेच सांगत होते. "आपली जिल्हा बँक वाचली. स्टेट बँक मागे उभी राहिल्यावर येस बँक कशी बुडेल, सर?"

बँक बुडाली नाही, हे त्यांचं खरंच ठरलं. ठेवीदाराचा एक पैसा गेला नाही. स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले, आयसीआयसीआय आणि एचडीएफसीने प्रत्येकी हजार कोटी, ॲक्सिसने सहाशे, कोटकने पाचशे, आणखी तीन बँकांनी उरलेले. मिळून दहा हजार कोटी. १८ मार्चला निर्बंध उठले. पण वाचवली गेली ती बँक आणि तिचे ठेवीदार. शेअर घेणारा ठेवीदार नसतो, तो मालक असतो, आणि घर वाचवताना आधी मालकाचंच सामान विकलं जातं.

ते कसं, हे आकड्यांत पाहायला हवं, कारण इथेच सगळी फसगत आहे. मार्च २०२० आधी बँकेचे सुमारे २५५ कोटी शेअर होते. वाचवायला आलेल्या बँकांना दहा रुपयांनी हजार कोटी नवे शेअर देण्यात आले. झाले १,२५५ कोटी. जुलै २०२० मध्ये बँकेने बाजारातून पंधरा हजार कोटी उभारले, भाव ठेवला बारा रुपये. आणखी १,२५० कोटी शेअर वाढले. त्याआधी आठवडाभर बाजारात पंचवीस-सव्वीसला घेणारे लोक होते. बँक स्वतःच बाराला विकणार असल्याचं कळताच त्यांचे पैसे काही दिवसांत निम्मे झाले. पुढे परदेशी गुंतवणूकदार आले, आणि २०२५ मध्ये शेअरांची संख्या ३,१३५ कोटींच्या आसपास होती.

म्हणजे जो शेअर धरून बसला होता त्याच्या हातातला तुकडा बारापट लहान झाला. कृषी केंद्रातल्या तरुणाने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर माझ्यासमोर गुणाकार केला. २०१८ मध्ये सुमारे २३० कोटी शेअर आणि ३९० भाव, म्हणजे अख्ख्या बँकेची किंमत नव्वद हजार कोटींच्या जवळपास. मे २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेने येस बँकेतला वीस टक्के हिस्सा साडेएकवीस रुपये भावाने घेण्याचा करार केला. त्या भावाने बँकेची किंमत होते साधारण सदुसष्ट हजार कोटी. बँक बरीचशी पूर्वपदावर आली. शेअर मात्र चारशेचा एकवीस झाला. आणि तो पुन्हा चारशेला जायचा असेल तर बँकेची किंमत साडेबारा लाख कोटी व्हावी लागेल. म्हणजे येस बँकेला देशातल्या पहिल्या दोन-तीन बँकांच्या पंक्तीत जाऊन बसावं लागेल. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. इतकी वर्षं 'चारशे' हा आकडा त्याच्या डोक्यात होता, आणि तो आकडा ज्या शेअरचा होता तो शेअर आता अस्तित्वातच नाही, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

स्टेट बँकेने दहाला घेतलेल्या शेअरांतला मोठा हिस्सा साडेएकवीसला जपानी बँकेला विकला. पडत्या शेअरमध्ये पैसा कमावता येतो तो असा: वाटाघाटीच्या टेबलावर बसून, भाव स्वतः ठरवून, आतले हिशेब तपासून. ॲपवरून पन्नास शेअर घेणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

त्यालाही काहीतरी मिळाल्यासारखं मात्र वाटलं होतं. पुनर्रचनेच्या योजनेत अट होती की ज्यांच्याकडे शंभर किंवा जास्त शेअर आहेत त्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत. बाजारात विकायला शेअरच उरले नाहीत, आणि १८ मार्च २०२० ला भाव ८७ रुपये ९५ पैशांपर्यंत उसळला. ज्यांचे शेअर अडकले होते ते हा आकडा नुसता पाहत राहिले. आणि ज्यांनी त्या उसळीवर भाळून नव्याने घेतले त्यांच्या हातात काही दिवसांत निम्म्याहून कमी उरलं. तीन वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये कुलूप निघालं तेव्हा भाव पंधराच्या आसपास होता.

आता 'ॲव्हरेज'. ग्रामीण भागातल्या नव्या गुंतवणूकदारांच्या तोंडी सर्वांत जास्त असलेला हा शब्द आहे. भाव पडला की आणखी घ्यायचे, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली येतो. एक हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्याने येस बँकेचे शंभर शेअर ३५० ला घेतले: पस्तीस हजार रुपये. पडल्यावर २२० ला आणखी शंभर, मग साठला दोनशे, मग चाळीसला पाचशे. आता त्याच्याकडे नऊशे शेअर आहेत, गुंतवणूक ८९,००० झाली आणि सरासरी ३५० वरून ९९ वर आली. ॲप त्याला हाच आकडा ठळक दाखवतं आणि त्याला वाटतं की आपण तोटा कमी केला. कुलूप निघालं त्या दिवशी पंधरा रुपयांनी त्याच्या नऊशे शेअरांचे साडेतेरा हजार होतात. तोटा साडेपंच्याहत्तर हजार. पहिल्या शंभरावरच तो थांबला असता तर तोटा साडेतेहतीस हजार असता. सरासरी खाली आणताना त्याने तोटा दुप्पट केला, आणि ॲपवरच्या आकड्याने त्याला प्रत्येक पायरीवर दिलासा दिला.

हे माणसाच्या स्वभावातच आहे, असं अर्थशास्त्रज्ञ सांगतात. अमेरिकेतल्या टेरन्स ओडियन यांनी १९९८ मध्ये एका ब्रोकरकडच्या दहा हजार खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले धरून ठेवतात, हे त्यात दिसलं; आणि विकलेल्या शेअरांनी पुढल्या वर्षी धरून ठेवलेल्यांपेक्षा सरासरी साडेतीन टक्क्यांच्या जवळपास जास्त परतावा दिला. विकेपर्यंत तोटा कागदावरचा असतो, विकला की तो आपला होतो. गावाकडे त्यात आणखी एक पदर असतो. तोटा घरी सांगावा लागतो. त्या निवृत्त शिक्षकांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातला हिस्सा घातला होता आणि घरात फक्त 'बँकेत आहेत' इतकंच सांगितलं होतं. विकले तर ते वाक्य मागे घ्यावं लागलं असतं. मला वाटतं, कित्येक डीमॅट खात्यांतले शेअर भावाच्या आशेपेक्षा या संकोचापायी पडून आहेत.

येस बँक निदान जिवंत राहिली. ज्या २१ सप्टेंबर २०१८ ला येस बँक २९ टक्के पडली, त्याच दिवशी मुंबईची दिवाण हाउसिंग, म्हणजे डीएचएफएल, ४२ टक्के पडली होती. महिन्याच्या सुरुवातीला तिचा भाव सातशेच्या जवळ होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं आणि ती दिवाळखोरी संहितेखाली गेलेली पहिली वित्तीय कंपनी ठरली. पिरामल समूहाने ३४,२५० कोटींची बोली लावली. तोपर्यंत शेअर पंधरा-वीसवर आला होता आणि लोक घेत होते, कारण 'पिरामल घेणार' ही बातमी होती. जून २०२१ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने योजना मंजूर केली, त्या बातमीवर शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल मर्यादेला, लागला. योजनेत भागधारकांना काय मिळणार हे लिहिलेलं होतं: शून्य. १४ जूनपासून व्यवहार थांबले आणि ते शेअर खात्यांतून कायमचे गेले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती योजना कायम ठेवली.

'कुणीतरी मोठा घेणार' ही बातमी आणि 'माझा शेअर वाढणार' ही आशा यांचा संबंध किती कमी आहे, हे दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय. कंपनी विकून पैसा आला की आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेली कर्जं, मग इतर कर्मचारी, विनातारण सावकार, सरकारची देणी, उरलेली देणी, मग प्राधान्य भागधारक, आणि सर्वांत शेवटी सामान्य भागधारक. सावकारांचेच पैसे पुरे फिटत नाहीत तिथे शेवटच्या पंगतीला काय उरणार?

साखरखेर्ड्याहून जालन्यामार्गे छत्रपती संभाजीनगर ओलांडून पैठण रस्त्याला लागलं की चितेगाव येतं. व्हिडिओकॉनचा कारखाना तिथला. ही कंपनी मराठवाडा-विदर्भाला परकी नव्हती. इथल्या कितीतरी घरांत पहिला रंगीत टीव्ही तिचाच आला, तालुक्यातालुक्यातली मुलं तिथे कामाला गेली. म्हणून तिचा शेअर पडला तेव्हा 'आपली कंपनी' म्हणून घेणारे या पट्ट्यात निघाले. जून २०१८ मध्ये ती न्यायाधिकरणात गेली. तीन वर्षांनी वेदांत समूहातल्या ट्विन स्टारची २,९६२ कोटींची बोली मंजूर झाली. मान्य झालेले दावे चौसष्ट हजार कोटींच्या वर होते, आणि सावकारांना जवळपास काहीच मिळत नाही असं न्यायाधिकरणानेच नोंदवलं. पुढे अपिलात ती योजना रद्द झाली. भागधारकांच्या हाती मात्र काही लागलं नाही.

मग समोरचा माणूस सुझलॉनचं नाव घेतो, आणि ते टाळून चालणार नाही. पुण्याच्या या पवनचक्की कंपनीचा शेअर जानेवारी २००८ मध्ये साडेचारशेच्या वर होता. परदेशात घेतलेल्या कंपन्यांचं कर्ज, अमेरिकेत पात्यांना गेलेले तडे, २०१२ मध्ये थकलेले परकीय रोखे, यांनी ती खाली आली आणि २०२० मध्ये तिचा शेअर दोन रुपयांवर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८६ पर्यंत गेला. ज्यांनी दोनला घेतले त्यांची चांदी झाली, हे खरंच आहे. पण २०१० ला पन्नासला, २०१२ ला वीसला 'स्वस्त' म्हणून घेणारेही होते. त्यांतल्या अनेकांना मुद्दल परत दिसायला कितीतरी वर्षं लागली. आणि चारशेचे अजून वाट पाहत आहेत. गावात एकाच्या विहिरीला पाणी लागलं की सगळे त्याच रेषेत बोअर मारतात. कोरड्या गेलेल्या बोअरवर कुणी पाटी लावत नाही. सुझलॉनची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, डीएचएफएलची कुणी सांगत नाही.

या सगळ्याला आपल्या भागात जुना दाखला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत साचला आणि दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली शेअरची लाट उसळली. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. युद्ध संपलं, कापूस पडला, आणि १ जुलै १८६५ ला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा सारं कोसळलं. तो पन्नास हजारांचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. उतरताना तीस हजारांना, वीस हजारांना 'स्वस्त' म्हणून घेणारे तेव्हाही होते. बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली. वऱ्हाडचा कापूस मात्र टिकला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो त्याच कापसासाठी.

दोष सगळा घेणाऱ्याचा नाही. सेबीने पडझडीतल्या कंपन्यांसाठी देखरेखीच्या याद्या केल्या आहेत, दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांवर विशेष खूण असते, ॲपवर पिवळी पट्टी येते. पण तो इशारा इंग्रजीत असतो, आडवळणी असतो, आणि त्याच्याच खाली 'खरेदी' असं हिरवं बटण असतं. पीक विम्याचा अर्ज मराठीत भरता येतो, सातबारा मराठीत निघतो. ज्या कंपनीचा शेअर शून्य होऊ शकतो तिच्याबद्दलचा इशारा महाराष्ट्रातल्या माणसाला मराठीत, मोठ्या अक्षरात, बटण दाबण्याआधी दिसायला काय हरकत आहे? 'या कंपनीच्या भागधारकांना काहीही न मिळण्याची शक्यता आहे' एवढं एक वाक्य पुरे. देशातल्या सर्वांत जास्त गुंतवणूकदारांच्या राज्यात हे झालेलं नाही, याचा मला राग येतो.

कृषी केंद्रातल्या तरुणाच्या ॲपमध्ये येस बँकेखेरीज आणखी दोन पडके शेअर होते. आम्ही दुकानात बसूनच बाजाराच्या संकेतस्थळावर पहिल्याचं पान उघडलं. तीन वर्षांपूर्वीचा तक्ता आणि ताजा तक्ता शेजारी ठेवला. प्रवर्तकांचा हिस्सा घटला होता, म्युच्युअल फंड एकही उरला नव्हता, शेअरांची संख्या वाढली होती आणि छोट्या भागधारकांचा आकडा कितीतरी पटीने फुगला होता. "म्हणजे सगळे निघाले, आन् आम्हीच राह्यलो," तो म्हणाला. मग एक गिऱ्हाईक हरभऱ्याचं बियाणं मागायला आलं. पावती फाडून तो परत आला आणि दुसऱ्या कंपनीचं नाव टाइप करत विचारू लागला, की प्रवर्तकांच्या हिश्श्यातला किती गहाण आहे ते कोणत्या रकान्यात लिहिलेलं असतं.